पार्श्वभूमी पुसणारे भिंग

विषय ठसठशीत आणि मागचे सारे धूसर, म्हणजे चित्र उत्तम, अशी एक समजूत हौशी छायाचित्रकारांत रूढ झाली आहे. निसर्गाच्या चित्रांना हाच निकष लावावा का, याविषयी आम्हांला शंका आहे. ती आमच्याच चित्रांवरून आली.

गोराईच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी आम्ही चिखलावरच्या निवट्या टिपल्या. उसने आणलेले भिंग ५० मिमी नाभीय अंतराचे, एफ १.२ छिद्राचे होते. चित्रे वर्गात दाखवली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "हा मासा राहतो कुठे?" चित्रात उत्तर नव्हते. तिवराची श्वसनमुळे दुहेरी रेघांच्या जंजाळात बदलली होती. पानांमधून झिरपणारे ऊन चकचकीत चकत्या होऊन माशापेक्षा अधिक लक्ष वेधत होते. पार्श्वभूमी पुसली तर गेलीच, वर ती गोंगाटही करू लागली.

यामागचे गणित सोपे आहे. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. एफ १.२ ला तो सुमारे ४२ मिमी, तर एफ ८ ला जेमतेम ६ मिमी. फार दूरच्या बिंदूकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. भिंगात शिरणारी त्यांची शलाका छिद्राएवढीच रुंद असते आणि विषयाजवळून जातानाही तेवढीच असते. म्हणून निवटीच्या मापाने पाहिले, तर दूरचा प्रत्येक बिंदू ४२ मिमी व्यासाची चकती होऊन पसरतो. शिवाय एक मीटरवरून, ३५ मिमी फिल्मच्या नेहमीच्या मापाने, स्पष्टतेची खोली ३ सेंमीहूनही कमी उरते. डोळा स्पष्ट, शेपटी पुसट!

चकतीचा आकार छिद्र ठरवते, पण तिच्यातील प्रकाशाची वाटणी भिंगाच्या गोलीय दोषावर अवलंबून असते. हा दोष गरजेपेक्षा जास्त दुरुस्त केला असेल, तर मागच्या चकत्यांच्या कडा उजळ होतात आणि बारीक मुळाच्या दोन रेघा दिसतात. चित्राच्या कोपऱ्यांत तिरप्या किरणांचा काही भाग भिंगाची नळी अडवते, त्यामुळे तेथील चकत्या लिंबाच्या आकाराच्या होतात. धूसरपणाच्या या गुणवत्तेला जपानी छायाचित्रकार 'बोके' म्हणत. १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी नियतकालिकाने हा शब्द इंग्रजी वाचकांत रुजवला. धूसरपणा किती आहे आणि कसा आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि मोठे छिद्र फक्त पहिल्याचे उत्तर देते.

एक गोष्ट विसरली जाते. मोठ्या छिद्राची भिंगे मुळात अंधुक प्रकाशासाठी घडवली गेली. झाइसने १९६६ साली नासासाठी ५० मिमी, एफ ०.७ चे भिंग तयार केले. स्टॅन्ली कुब्रिकने ते 'बॅरी लिंडन' (१९७५) मधील मेणबत्तीच्या उजेडातील दृश्यांसाठी वापरले. गोराईच्या भर उन्हात अशा भिंगाचे पूर्ण छिद्र उघडण्याचे काहीच कारण नव्हते. एफ ८ ला प्रकाश सुमारे ४४ पटींनी घटतो, पण उन्हात ते परवडते. स्पष्टतेची खोली मात्र १८ सेंमीच्या आसपास जाते आणि मागची मुळे मुळे म्हणून ओळखू येतात.

धूसर पार्श्वभूमी नेहमीच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पाकळीवरचे परागकण दाखवताना ती मदतच करते. पण निवटीच्या चित्रात चिखल, मुळे आणि पाण्याची रेषा हाच अर्धा धडा आहे. आजचे मोबाइल तर गणिताने पार्श्वभूमी पुसतात आणि त्या भरात एखादे बारीक मूळही खाऊन टाकतात.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. अंधाऱ्या खोलीत लहानसा दिवा, बहिर्गोल भिंग आणि पांढरा कागद घ्या. कागदावर दिव्याची प्रतिमा स्पष्ट करून कागद थोडा सरकवा, चकती दिसेल. आता भिंगावर त्रिकोणी भोकाचा पुठ्ठा धरा. चकती त्रिकोणी होईल. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी कोणतेही चित्र पाहताना विचारेल, "यात काय पुसले आहे, आणि का?"