विविधतेचा रकाना आणि माझं नापास पोस्टर

दरवर्षी या सुमारास माझ्याकडे तीन-चार मसुदे येतात. "ताई, जरा नजर टाकशील का? डेडलाइन परवा आहे." परवा डेडलाइन असताना नजर टाकून फार तर स्वल्पविराम दुरुस्त होतात, पण मी वाचते. हे सगळे मसुदे एकाच जातकुळीच्या कॉन्फरन्ससाठी असतात. कम्प्युटिंगमध्ये ज्यांची संख्या कमी आहे त्यांना एकत्र आणणाऱ्या कॉन्फरन्स: ग्रेस हॉपर सेलिब्रेशन, तिची भारतातली आवृत्ती, अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी टापिया. आणि वाचून वाचून माझं एक मत झालंय, ते जरा कडू आहे. या कॉन्फरन्सना आपण जे प्रपोजल पाठवतो ते आपल्या बाकीच्या लिखाणापेक्षा सरळसरळ वाईट असतं. जी मुलगी नेहमीच्या परिषदेला नेटका ॲबस्ट्रॅक्ट पाठवते, तीच इथे 'विविधता' हा शब्द दिसला की निबंधस्पर्धेला बसल्यासारखी लिहायला लागते.

मीही लिहिलं होतं. म्हणून दुसऱ्या कुणाचं उदाहरण न घेता माझंच घेते.

त्याआधी कुणाच्या घरी जेवायला चाललोय ते थोडक्यात. १९९४ मध्ये अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी ग्रेस हॉपरच्या नावाने पहिला मेळावा भरवला, वॉशिंग्टनमध्ये. हॉपर म्हणजे अगदी सुरुवातीच्या कंपायलरांपैकी एक लिहिणारी आणि अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल झालेली गणिती. टापिया २००१ मध्ये सुरू झाली, राइस विद्यापीठातल्या रिचर्ड टापिया यांच्या नावाने. मेक्सिकोहून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा ऑप्टिमायझेशनमधला मोठा माणूस. दोघंही आधी त्यांच्या कामासाठी ओळखले जातात, हे लक्षात असू द्या. आता ग्रेस हॉपर अवाढव्य झालीये आणि बऱ्याच जणी तिथे नोकरीच्या स्टॉलसाठी जातात. २०२३ साली ऑर्लँडोला त्या स्टॉलांपुढे पुरुष उमेदवारांची इतकी गर्दी झाली की त्याच्या बातम्या झाल्या. पोस्टरचा कोपरा अशा जत्रेत असतो. समोरून जाणारी व्यक्ती तुमच्या विषयातली नसण्याचीच शक्यता जास्त.

तर माझं पोस्टर. कुठल्या कॉन्फरन्सला पाठवलं होतं ते सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. माझं काम वऱ्हाडी बोलीवर आहे: बोललेलं ऐकून लिहून काढणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्पीच रेकग्निशन. पहिल्या वर्षी पाठवलेल्या ॲबस्ट्रॅक्टची पहिली तीन वाक्यं मराठीत सांगायची तर अशी होती: "भारत भाषांच्या बाबतीत अत्यंत समृद्ध देश आहे. मात्र ग्रामीण महिला तंत्रज्ञानाच्या लाभापासून वंचित आहेत. विदर्भातल्या छोट्या गावातून आलेली पहिल्या पिढीची संशोधक म्हणून ही दरी मिटवण्याची मला तळमळ आहे."

पहिलं वाक्य कुणीही लिहू शकतं आणि त्याला कुणीही नाही म्हणणार नाही. म्हणजे ते वाक्य काहीच काम करत नाही. दुसरं त्याहून वाईट, कारण ते खोटं होतं. मी ज्या बचत गटातल्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्या दिवसभर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवत होत्या. 'वंचित' हा शब्द मी त्यांना न विचारताच चिकटवला. नेमकी कोणती अडचण, कुणाला, कुठल्या कामात, हे मला माहीत होतं, पण लिहिलं नाही, कारण 'वंचित' लिहिल्यावर ते लिहायची गरज वाटली नाही. तिसऱ्या वाक्यातली तळमळ खरी होती. पण रिव्ह्यूअरला तळमळ तपासता येत नाही.

रिव्ह्यू एका ओळीचा आला. प्रेरणा दिसते, संशोधन काय आहे ते कळलं नाही. मी दोन दिवस धुसफुसत होते. यांना बोलीभाषेचं काही पडलेलंच नाही वगैरे. तिसऱ्या दिवशी ॲबस्ट्रॅक्ट पुन्हा उघडला आणि दिसलं की माझ्याकडे जे सांगण्यासारखं होतं ते शेवटून दुसऱ्या वाक्यात, एका 'उदाहरणार्थ'च्या मागे दडून बसलंय.

ते काय होतं? वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया, काळ्याचा काया. आता जुन्या पद्धतीच्या, ठरावीक शब्दसाठ्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला 'डोया' माहीत नसतो, म्हणून ते जवळचा दुसरा कुठला तरी शब्द बसवतं आणि वाक्य उघडच बिघडतं. चूक दिसते. पण 'काया' हा प्रमाण मराठीतही शब्द आहे, शरीर या अर्थाचा. तिथे सॉफ्टवेअर बिनदिक्कत 'काया' लिहितं आणि कुणालाच चूक दिसत नाही. पुढची गंमत अशी की लिहून काढणाऱ्याने तपासणीच्या प्रतीत जसं ऐकू आलं तसं 'काया' लिहिलं असेल, तर हिशेबात ते उत्तर बरोबर धरलं जातं. प्रमाण भाषेत 'काळा' लिहिलं असेल, तर चूक. एकच रेकॉर्डिंग, एकच सॉफ्टवेअर, आणि चुकांचं प्रमाण ठरतंय ते प्रत लिहिणाऱ्याच्या सवयीवर. पोस्टरचा प्रश्न हा होता: बोलीसाठी चूक मोजायची कशाशी ताडून?

हे वाचायला अर्धा मिनिट लागतो, आणि जत्रेतून चाललेला कुणीही थांबून विचारू शकतो, "मग तुम्ही काय केलंत?" तेवढं झालं की पोस्टरचं निम्मं काम झालं.

एसीएमची स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन ग्रेस हॉपर आणि टापिया, दोन्हीकडे होत आलेली आहे. पहिली फेरी पोस्टरची, त्यातून निवडलेल्यांची दुसरी फेरी भाषणाची. तिच्या ॲबस्ट्रॅक्टला चार भाग लागतात: समस्या आणि प्रेरणा, पार्श्वभूमी आणि आधीचं काम, पद्धत आणि वेगळेपण, निष्कर्ष आणि योगदान. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत पहिला भाग अर्ध्याहून जास्त जागा खातो. स्वतःची सगळी गोष्ट तिथेच येते: गाव, घर, पहिली पिढी, मराठी माध्यम. ही गोष्ट काढून टाका असं मी म्हणत नाहीये. ती चुकीच्या खोलीत बसलीये, एवढंच. तिची जागा तिसऱ्या भागात आहे. वऱ्हाडी घरात वाढले म्हणून 'काया' वाचताना माझ्या कानाला खटकलं. प्रमाण मराठी बोलणाऱ्या, माझ्यापेक्षा हुशार सहकाऱ्याला ते खटकलं नाही. पहिल्या भागात हे लिहिलं तर ती सहानुभूतीची विनंती वाटते. तिसऱ्या भागात तेच वाक्य पद्धतीचा भाग होतं: ही चूक शोधायला बोली येणारी तपासनीस लागते, आणि का लागते.

दुसरी खोड 'आम्ही'ची. 'आम्ही मॉडेल प्रशिक्षित केलं, आम्ही रेकॉर्डिंग केलं.' सरांच्या समोर 'मी' म्हणायची आपल्याला लाज वाटते, आणि शोधनिबंधात 'आम्ही' चालतंही. पण या स्पर्धेत तुमचा स्वतःचा वाटा तपासला जातो. रेकॉर्डिंग तुम्ही केलं असेल तर 'मी केलं' म्हणा. उद्धटपणा नाही तो.

'जेंडर शेड्स' हा जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांचा २०१८ चा पेपर तुम्ही ऐकला असेल. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या. त्याचा ॲबस्ट्रॅक्ट आज पुन्हा वाचा. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के. बुओलाम्विनीची स्वतःची गोष्ट जगप्रसिद्ध आहे: कॅमेऱ्याला तिचा चेहरा सापडेना, पांढरा मुखवटा घातल्यावर सापडला. ती गोष्ट तिने भाषणांत सांगितली, आणि फार प्रभावीपणे. ॲबस्ट्रॅक्टमध्ये ती नाही. तिथे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवलेत, आणि वाचणाऱ्याला राग त्या आकड्यांमुळे येतो.

सत्राचं प्रपोजल म्हणजे मात्र वेगळी गोष्ट. तिथे माणसांच्या गोष्टी हव्यातच, आणि नेमक्या तिथे आपण बुळबुळीत होतो. माझा अनुभव उलटा आहे. माझं पोस्टर नाकारलं गेलं ते योग्य होतं, आणि माझं पॅनल स्वीकारलं गेलं ते चुकीचं होतं. भारतीय स्त्रिया संगणकशास्त्रात कशा पुढे येतात, असा साधारण विषय. आम्ही चौघी, एकाच शहरातल्या, तिघी तर एकाच इमारतीतल्या. प्रपोजलमध्ये 'विविध पार्श्वभूमीच्या वक्त्या' असं लिहिलं होतं, आणि विविधता म्हणजे एक सिस्टिम्सवाली, एक थिअरीवाली अशी. सत्रात चौघींनी एकमेकींना दुजोरा दिला. प्रश्न आले ते घर आणि काम कसं सांभाळता याचे. बाहेर पडताना एका एमटेकच्या मुलीने विचारलं, "ताई, भारतातल्या स्त्रियांवर बोललात, पण जात एकदाही आली नाही. ठरवून टाळलं का?" ठरवून टाळलं असतं तर निदान उत्तर तरी देता आलं असतं. आम्हाला सुचलंच नव्हतं. चौघींची आडनावं शेजारी शेजारी वाचली असती तर का सुचलं नाही तेही कळलं असतं.

त्यानंतर मी पलाशी वाघेला, स्टीव्हन जॅक्सन आणि फीबी सेंजर्स यांचा सीएचआय २०२२ मधला पेपर वाचला. कम्प्युटिंगचं जग स्वतःला जातिविहीन समजतं, त्यात दलित इंजिनियर कसे वावरतात, यावर. 'मेरिट' या शब्दामागे काय काय लपतं ते त्यात नीट उलगडलंय. सत्राचं प्रपोजल लिहिण्याआधी तो वाचला असता तर आमचं पॅनल वेगळं झालं असतं, किंवा आम्ही ते पाठवलंच नसतं. दोन्ही चाललं असतं.

आता मी सत्राचा मसुदा वाचताना एकच गोष्ट शोधते: वक्ते कशावर भांडणार आहेत? भांडण नसेल तर पॅनल कशाला, एकीला भाषण द्या. आणि ऐकणाऱ्यांकडेच अनुभव जास्त असेल तर पॅनलऐवजी बर्ड्स ऑफ अ फेदर मागा, म्हणजे गोल बसून गप्पा. टापियात हा प्रकार असतो, आणि आपली मुलं तो कमी प्रतीचा समजून सोडून देतात. मला तो पॅनलपेक्षा प्रामाणिक वाटतो. कार्यशाळा असेल तर लोक हाताने काय करणार ते दहा-दहा मिनिटांच्या हिशेबात लिहा. 'सहभागींना जाणीव करून दिली जाईल' हे वाक्य दिसलं की मी त्याखाली लाल रेघ मारते.

राहिला तो फॉर्ममधला रकाना. तुमचा प्रस्ताव विविधतेला कसा पुढे नेतो, अशा अर्थाचा काहीतरी. माझी एक मैत्रीण म्हणते की सगळं निबंधलेखन या रकान्यामुळेच होतं, काढून टाका तो. तिचं अर्धं पटतं. रकाना मोहात पाडतो हे खरंय. पण तो नसलेल्या परिषदांना मी हेच काम पाठवलंय, आणि तिथे वऱ्हाडी म्हणजे निव्वळ 'कमी डेटा असलेली बोली' होते. बोलणाऱ्या बायका गायब. तिथे 'काया'ची चूक मी तक्त्यातल्या एका ओळीत कोंबली होती, कारण ती कुणाची आहे हे विचारणारी जागाच नव्हती. इथला रकाना निदान विचारतो. फक्त त्यात तळमळ लिहायची नाही. या कामामुळे कुणासाठी काय बदलेल, आणि त्यांना तुम्ही ते विचारलंय का, एवढंच लिहायचं. चार ओळी पुरतात.

परवा आलेल्या मसुद्यांपैकी एक चांगला आहे. विषय: मराठीतल्या जुन्या पीडीएफ फाइली. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. त्यामुळे अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती फाइल वाचायला लागला की नुसता गोंधळ ऐकू येतो. मुलाने ते युनिकोडमध्ये बदलणारं साधन केलंय आणि पहिल्याच वाक्यात तसं लिहिलंय. 'भारत हा' ने सुरुवात नाही, बघूनच बरं वाटलं. पण चाचणीच्या भागात लिहिलंय की सहा मित्रांनी डोळ्यांवर पट्टी बांधून साधन वापरून पाहिलं. मी समासात एवढंच विचारलंय: यात रोज स्क्रीन रीडर वापरणारं कुणी होतं का? पट्टी बांधलेला मित्र पहिल्या पाच मिनिटांतच अडखळतो. रोज वापरणारा तिप्पट वेगाने ऐकतो आणि त्याच्या तक्रारी वेगळ्याच असतात.

त्याचा रिप्लाय आला, कॉलेजच्या लायब्ररीत एक जण येतो, त्याला उद्या विचारतो, पण डेडलाइन? मी त्याला सांगितलं, डेडलाइन 'एनीव्हेअर ऑन अर्थ' आहे. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ आहे. सकाळी लायब्ररी उघडली की जा.