रोमनेस्क : नावात दडलेला निकाल

१८१८ साली शार्ल द जेर्व्हिल या नॉर्मंडीतल्या पुरावस्तू-अभ्यासकाने एका मित्राला पत्र लिहिले. गॉथिकच्या आधीची, अर्धगोल कमानींची आणि जाडजूड भिंतींची जी चर्चे गावोगावी उभी होती, त्यांच्या शैलीला काय म्हणावे हा प्रश्न होता. जेर्व्हिलने ‘रोमान’ हा शब्द सुचवला. लॅटिन मोडून जशा रोमान बोली झाल्या, तशी रोमन वास्तुकला अडाणी पूर्वजांच्या हाती बिघडून ही वास्तुकला झाली, असा त्याचा युक्तिवाद होता. इंग्रजीतला ‘रोमनेस्क’ हा शब्दही त्याच सुमारास पुढे आला आणि तिथून आपल्याकडे पोहोचला.

या नावात निकाल आधीच दिलेला आहे. मराठी वाचकाला तो अनोळखी वाटू नये. ‘अपभ्रंश’ म्हणजे ढळलेले, घसरलेले. पण त्या नावाखाली एक समृद्ध वाङ्मय नांदले. रोमनेस्कचेही तसेच झाले आहे काय, हे तपासायला मी एकच इमारत निवडतो : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या ओतूं गावचे सेंट लाझारचे कॅथेड्रल. मी तिथे गेलेलो नाही आणि कलाशिक्षणाची पदवीही माझ्याजवळ नाही. हा अभ्यास पुस्तके आणि छायाचित्रे यांवर झालेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम ‘जाडजूड’ या आरोपाचे पाहू. लाकडी छपरे आगीत जात. अकराव्या शतकात लोंबार्डी आणि कॅटालोनियातले गवंडी छोट्या-मोठ्या चर्चांवर दगडी कमानछत घालू लागले. १०४० साली अभिषिक्त झालेले कार्दोनाचे सेंट व्हिन्सेंट चर्च हा त्याचा ठळक नमुना. दगडी छत खाली दाबते, तसेच भिंतींना बाहेरही ढकलते. म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. तो जडपणा हे एका अवघड प्रश्नाचे उत्तर होते. पुढे मठांकडे संपत्ती आली, संतांच्या अवशेषांसाठी यात्रेकरूंची रीघ लागली आणि इमारती वाढल्या. १०८८ साली काम सुरू झालेले क्लुनीचे तिसरे मठ-चर्च अखेरीस सुमारे १८७ मीटर लांब झाले.

आता ओतूंकडे येऊ. हे मुळात रोमन शहर. त्याच्या वेशी आजही उभ्या आहेत आणि वेशींवर उभ्या पन्हळी कोरलेले अर्धस्तंभ आहेत. बाराव्या शतकातल्या कारागिरांनी कॅथेड्रलच्या आत तसेच पन्हळीदार अर्धस्तंभ उभे केले. नमुना डोळ्यांसमोर होता आणि तो नीट उतरवण्याचे कौशल्यही हातात होते. पण त्याच अर्धस्तंभांच्या जोडीला त्यांनी टोकदार कमानी बसवल्या, छतही टोकदार केले. गोल कमान म्हणजे रोमनेस्क, टोकदार म्हणजे गॉथिक, हे पाठ्यपुस्तकी समीकरण इथे टिकत नाही. रोमनांकडून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे या लोकांनी ठरवून केले आहे. बिघाडात अशी निवड दिसत नाही.

पश्चिम दारावरच्या अर्धवर्तुळात अखेरच्या न्यायदिनाचे शिल्प आहे. मध्यभागी प्रचंड ख्रिस्त, त्याच्या डाव्या अंगाला आत्म्यांचे वजन चाललेले. देवदूत ताणल्यासारखे उंच आणि खालच्या पट्टीत थडग्यांतून उठणारी माणसे बुटकी. एका माणसाचे डोके दोन अजस्र हातांनी धरले आहे. आंरी फोसीयों या कला-इतिहासकाराने अशा देहांची उपपत्ती चौकटीच्या नियमाने लावली : उपलब्ध जागा जशी असेल तशी आकृती वाकते. हे खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. ते हात जागेमुळे मोठे झालेले नाहीत. ज्याला पकडले आहे त्याला ते केवढे वाटत असतील, तेवढे ते कोरले आहेत.

समकालीनांना हे शिल्प कसे दिसले? क्लेर्व्होच्या बर्नार्डने ११२५च्या सुमारास मठांतल्या अशा कोरीवकामावर कडाडून टीका केली. माकडे, सिंह, एका डोक्याला अनेक धडे, यांची त्याने जंत्रीच दिली आहे. पण त्याची तक्रार ओबडधोबडपणाची नाही. हे इतके वेधक आहे की भिक्षू ग्रंथ सोडून दिवसभर हेच पाहत बसतील, ही त्याची चिंता. या कलेच्या कडव्या टीकाकाराला तिची मोहिनी कळली होती. सातशे वर्षांनंतरच्या जेर्व्हिलला नाही. बर्नार्डचा दुसरा आक्षेप मात्र आजही खोडता येत नाही : भिंती सजतात आणि गरीब उपाशी राहतात.

अभिरुची बदलली की काय होते हेही ओतूंनेच भोगले. १७६६ साली तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी हे शिल्प गिलाव्याखाली झाकले आणि आड येणारे ख्रिस्ताचे डोके काढून टाकले. १८३७ साली गिलावा निघाला. डोके जागेवर परतले ते १९४८ साली.

ख्रिस्ताच्या पायांखाली लॅटिनमध्ये कोरले आहे की हे गिसलबेर्तुसने केले. देनी ग्रिव्हो आणि जॉर्ज झार्नेकी यांनी १९६०च्या सुमारास त्याला थोर शिल्पकार म्हणून जगापुढे उभे केले. १९९९ साली लिंडा सायडेल यांनी आक्षेप घेतला : तो जुन्या काळचा सरदार, दाता म्हणून स्मरलेला असावा. मला सायडेल यांची शंका रास्त वाटते, कारण ‘केले’ या क्रियापदात छिन्नी चालवणारा आणि पैसा देणारा दोघेही मावतात. ती खरी ठरली तरी शिल्पाचे मोल तसूभर कमी होत नाही. फक्त त्याचे कर्ते पुन्हा अनाम होतात.

‘रोमनेस्क’ हा शब्द आता टाकता येणार नाही. मीही तो वापरतोच. पण रोमान बोलींतूनच पुढे दान्तेची भाषा आली, हे जेर्व्हिलची उपमा वापरताना लक्षात ठेवावे. उपमा त्याचीच राहू द्या, निकाल तेवढा बदला.