घुबडमानवाचे दान

लोककथांतील दाते सहसा आधी काही मागतात आणि मगच देतात. वाटेतल्या तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्याच्याच ओंजळीत वरदान पडते. अशा देण्याला दान म्हणावे की मोबदला? २०१४ साली आलेल्या 'नेव्हर अलोन' या व्हिडिओ गेममधील घुबडमानव हाच जुना प्रश्न नव्याने विचारतो.

अलास्कातील इनुपिअत या आदिवासी समाजाच्या लोककथेवर हा खेळ आधारलेला आहे. 'किसिमा इंगिचुना' हे त्याचे इनुपिअत भाषेतील नाव. त्याचा अर्थ 'मी एकटा नाही'. न थांबणाऱ्या हिमवादळाचे मूळ शोधायला नूना ही मुलगी एका पांढऱ्या कोल्ह्यासह निघते. तिला घुबडमानव भेटतो. आपल्या जनमानसात घुबड अपशकुनी. येथे मात्र ते वाट दाखवते. त्याचा चोरीस गेलेला डफ नूना परत आणते आणि तो तिला 'बोला' देतो. बोला म्हणजे दोऱ्यांना वजने बांधून केलेले, फेकून मारण्याचे शिकारी हत्यार.

वरकरणी हा सौदाच आहे: काम करा, बक्षीस घ्या. बहुतेक व्हिडिओ गेम याच हिशेबावर चालतात. परंतु हा बोला जपून ठेवण्याचा दागिना नव्हे. तो बर्फाचे अडथळे फोडतो, वाट मोकळी करतो. आणि ही वाट नूनाच्या एकटीच्या सुखाकडे जात नाही, तिच्या लोकांच्या सुटकेकडे जाते. करिंथकरांना लिहिताना संत पौलाने कृपादानांविषयी हेच बजावले आहे: ती एकाला मिळतात, पण सर्वांच्या हितासाठी. दानाची पारख ते कशाच्या बदल्यात मिळाले यावरून होत नाही, ते पुढे कोणाच्या उपयोगी पडले यावरून होते.

एक उणीव मात्र नोंदवावीच लागेल. दाता चटकन दृष्टीआड होतो. कृतज्ञतेला उसंत मिळत नाही आणि थोड्याच वेळात बोला हा खेळणाऱ्याच्या बोटांचा निव्वळ सराव होऊन बसतो.

ही उणीव काही अंशी घुबडेच भरून काढतात. खेळात ठिकठिकाणी बसलेली घुबडे गाठली की लहान माहितीपट खुले होतात आणि त्यांतून इनुपिअत माणसे स्वतः आपल्या जीवनाविषयी बोलतात. येथे कोणी डफ आणायला सांगत नाही; नजर जागी असली म्हणजे पुरते.

मूळ कथा हीदेखील एक देणगीच आहे. ती रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या कथाकाराने सांगितलेली. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या आदिवासी संस्थेच्या पुढाकाराने खेळ घडत असताना क्लीव्हलंड यांची कन्या मिनी ग्रे यांची रीतसर अनुमती घेण्यात आली. लोककथा कोणाच्याच मालकीची नसते, असे म्हणून ती उचलून नेणाऱ्या या बाजारात अशी विचारणा विरळाच. ज्याच्या हातून मिळाले त्याचे नाव घेणे ही दान स्वीकारण्याची पहिली रीत होय. घुबडमानवाला पुरेसे धन्यवाद देण्याचे राहून गेलेल्या या खेळाने आपल्या कथाकाराच्या बाबतीत मात्र ती रीत सोडलेली नाही.