कोणाचा शब्द प्रमाण मानायचा?

हल्ली कचेऱ्यांतून एक तक्ता फिरतो. पत्रासाठी हे एआय, भाषांतरासाठी ते, बैठकीच्या इतिवृत्तासाठी आणखी तिसरं. माझा आक्षेप साधनांवर नाही, तक्त्यावर आहे. कोणतं साधन हुशार एवढंच तो सांगतो. उत्तर चुकलं तर ते आपल्याला कळणार कसं, यावर तो गप्प.

न्यूयॉर्कचा ‘माटा विरुद्ध एव्हियान्का’ खटला बघा. विमानातली ट्रॉली गुडघ्यावर आदळली म्हणून प्रवाशाचा दावा. त्याच्या वकिलानं चॅटजीपीटीकडून पूर्वीचे निवाडे मागवले आणि ते न्यायालयात सादर झाले. त्यातले काही निवाडे मुळात झालेच नव्हते! बरं, वकिलानं खात्री केली नाही असंही नाही. त्यानं चॅटजीपीटीलाच विचारलं, हा निवाडा खरा आहे ना? उत्तर आलं, हो. जून २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड झाला. विश्वासार्ह साधनाची मदत घेण्यात मुळात गैर काही नाही, हेही न्यायाधीशांनी त्याच निकालपत्रात लिहिलंय. ते मात्र कोणी सांगत नाही.

नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला विषय ठाऊक आहे आणि तो जसा आहे तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे यंत्र पुढचा शब्द कोणता येणं संभवतं, ते पाहून वाक्य जुळवतं. म्हणजे शब्द आहे, आप्त नाही. मग त्याच्या शब्दाला त्याचाच शब्द साक्षीदार कसा चालेल?

आता कामं घ्या. इतिवृत्त खुशाल करून घ्या. ध्वनिमुद्रण ऐकून ताडता येतं. माझ्याच टिपणावरून पत्राचा मसुदा? हरकत नाही, टिपण माझं आहे. बेरीज स्प्रेडशीटवर, निवाडा निवाड्यांच्या संग्रहातच शोधा.

सारांशाचं प्रकरण जास्त अवघड. पन्नास पानांचा अहवाल अर्ध्या पानात आला, तर चुकीचं वाक्य कधी तरी खटकेल; गाळलेलं कसं खटकणार? भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानतात. घड्याचा अभाव कळायला जमीन तरी डोळ्यांसमोर लागते. इथे ती जमीन म्हणजे मूळ अहवाल, आणि तो वाचायचा नाही म्हणून तर सारांश मागवला!

तेव्हा साहेबांनी सारांश मागितला, तर मूळ कागद वाचायला लागणारा वेळही कारकुनाला द्यावा. सही त्याची असते.