पिसांचे मोल

एखाद्या कथेविषयी वाचकांची मते भिन्न पडली, की 'ज्याची त्याची रुची' असे म्हणून आपण विषय संपवतो. या वाक्याने वाद मिटतो खरा, परंतु कथेविषयी आपल्याला काहीच कळत नाही. मतभेद नेमका कोठे पडला आणि तो तेथेच का पडला, हे पाहिले तर पुष्कळदा कथेचे मर्म हाती लागते. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या 'पक्षी और दीमक' या हिंदी कथेच्या बाबतीत प्रस्तुत लेखकास असा अनुभव आला. तो येथे नमूद करावयाचा आहे.

प्रसंग साधाच आहे. नोकरीच्या निमित्ताने नवा रायपुरात येऊन पडलेली आम्ही काही मराठी कुटुंबे महिन्यातील एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि काहीतरी वाचतो. एरवी मराठी पुस्तकांचेच वाचन होते. या खेपेस एकाने सुचविले, की ज्या मुलखाचे अन्न आपण खातो तेथील एखादा लेखक वाचावा. राजनांदगाव येथून मोटारीने दोन तासांच्या आत. म्हणून मुक्तिबोध निघाले.

कथा हिंदी असली तरी लेखक आपणांस परका नव्हे. मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घराणे मराठी; वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. वडिलांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांची आज हीच कहाणी आहे! धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक झाले. थोरल्यांनी हिंदी जवळ केली. शाळेतील मास्तरकी, नागपुरात सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, 'नया खून' साप्ताहिक, अशी वळणे घेत ते १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नाही.

कथेतील रूपक थोडक्यात असे: एक तरुण पक्षी आपल्या वडिलांबरोबर आणि सोबत्यांबरोबर उंच आकाशात उडत असतो. खालच्या रस्त्याने एक गाडीवान ओरडत चाललेला त्याला ऐकू येतो. त्याच्यापाशी वाळवी विकावयास आहे; दोन वाळव्यांची किंमत एक पीस. पक्षी खाली उतरतो, चोचीने एक पीस उपटून देतो आणि वाळवी खातो. तिची चव त्याला लागते. वडील समजावतात, की वाळवी हा आपला स्वाभाविक आहार नव्हे आणि त्यासाठी पंख तर मुळीच देऊ नयेत. पक्षी ऐकत नाही. पिसे सरत जातात, उड्डाण झाडापुरते आणि मग तेवढेही उरत नाही. शेवटी त्याला शहाणपण सुचते. तो जमीन उकरून वाळवी गोळा करतो आणि गाडीवानास म्हणतो, ही घे आणि माझी पिसे परत दे. गाडीवान हसून सांगतो, की मी वाळवी देऊन पिसे घेतो. पिसे देऊन वाळवी घेत नाही. पुढे एक मांजर येते आणि पक्ष्याला तोंडात धरून नेते.

वाचन संपल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही, आणि मग सगळेच बोलू लागले. वरिष्ठ पदावरील एक गृहस्थ चिडले होते. त्यांचे म्हणणे असे, की ही कथा नोकरदारावर अन्याय करते. पोटासाठी नोकरी करणे म्हणजे काय पिसे विकणे? लेखकाने तरी दुसरे काय केले? नुकताच सेवेत आलेला एक तरुण अधिकारी म्हणाला, की दोष पक्ष्याचा नाही, गाडीवानाचा आहे. बाजार मांडणारा मोकळा सुटतो आणि फसलेल्यालाच उपदेश मिळतो. एका निवृत्त गृहस्थांना रूपक फार आवडले. पण त्यानंतर निवेदकाच्या मनात जी आशा जागी होते, ती त्यांना ठिगळासारखी वाटली. मांजर आले तेथेच कथा संपावयास हवी होती, असा त्यांचा अभिप्राय पडला. घरच्या बाईंनी चहा देता देता विचारले, "आणि ही गोष्ट ज्या बाईला सांगितली, ती काय म्हणाली?"

या चार मतांत चौथे सर्वात मोलाचे होते, हे मला घरी येऊन कथा पुन्हा वाचल्यावर उमगले.

रूपककथा म्हटली, की मराठी वाचकास वि. स. खांडेकर आठवतात. सांगणारा कथेबाहेर उभा असतो, बोध आपल्यासाठी असतो, अशी आपल्या मनाची घडण झालेली आहे. मुक्तिबोधांची रचना तशी नाही. पक्ष्याची गोष्ट कथेच्या पोटात आहे. ती सांगणारा निवेदक एका शिक्षणसंस्थेतील माणूस असून तेथील गैरव्यवहाराच्या साखळीत तो स्वतः अडकलेला आहे. ऐकणारी श्यामला निष्ठेची पक्की, तडजोड न जाणणारी. तिच्या नजरेपुढे तो गोष्ट सांगतो, आणि सांगता सांगता त्याला कळून चुकते की हा पक्षी आपणच आहोत. बोध ऐकणारीला होत नाही, सांगणाऱ्याला होतो. श्यामला नसती तर ही गोष्ट त्याने सांगितलीही नसती आणि त्याला ती कळलीही नसती.

हे ध्यानी घेतले, की निवृत्त गृहस्थांच्या आक्षेपाचे उत्तर मिळते. आशा रूपकाला चिकटवलेली नाही. पक्षी मेला, निवेदक अजून जिवंत आहे, आणि स्वतःच्याच गोष्टीने भयभीत झालेला आहे. आपली सगळी पिसे अजून गेली नाहीत, एवढेच तो मनाशी म्हणतो. तो सुटला, असे लेखक कोठेही सांगत नाही. आमच्यापैकी काहींनी मूळ कथा न वाचता पक्ष्याची गोष्ट तेवढी पूर्वी कोणाकडून तरी ऐकली होती. मतभेदाचा बराच भाग एवढ्यामुळेच होता: काहींच्या मनात मांजरापाशी संपणारी गोष्ट होती, तर काहींच्या मनात माणसापाशी संपणारी.

तरुण मित्राच्या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याने गाडीवानाकडे पुरते पाहिले नाही. गाडीवान लबाडी करीत नाही. भाव तो भर रस्त्यात ओरडून सांगतो. त्याच्या अखेरच्या वाक्यात मात्र साऱ्या बाजाराचे रहस्य आहे: हा व्यवहार एकाच दिशेने चालतो. सोय घेऊन स्वत्व देता येते; सोय परत करून स्वत्व मागता येत नाही. बाजार मांडणाऱ्यावर याहून कठोर आरोप कोणता असावा?

राहिले वरिष्ठ गृहस्थ. त्यांचा राग मला समजतो, कारण तो माझाही आहे. पण पक्षी उपाशी नव्हता, हे कथेत स्पष्ट आहे. त्याचा आहार आकाशात आणि झाडावर होताच. वाळवीची चटक लागल्यावर तो त्याला रुचेनासा झाला. म्हणजे कथा भाकरीविषयी नाही, चटकेविषयी आहे. मुक्तिबोधांनी नोकऱ्या केल्या, हे खरे. पण ते आयुष्यभर विपन्नावस्थेत राहिले आणि लिहीत राहिले. शिवाय ही कथा त्यांनी 'मी'च्या मुखाने सांगितली आहे. उंचावर बसून केलेला हा उपदेश नव्हे.

आत्मशोधाच्या ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्या बहुधा सुखद असतात. हान्स आंडरसनचे कुरूप पिल्लू (१८४३) माडगूळकरांच्या गीतामुळे मराठी घरोघरी पोचले. ते अखेर राजहंस ठरते. बृहदारण्यक उपनिषदावरील भाष्यात शंकराचार्यांनी व्याधांच्या घरी वाढलेल्या राजपुत्राचा दृष्टान्त दिला आहे. तू राजपुत्र आहेस एवढे कोणी सांगताच त्याचे व्याधपण गळून पडते. या कथांविषयी वाचकांत भांडण होत नाही, कारण तेथे आपण स्वतःला वाटत होतो त्याहून थोर निघतो. मुक्तिबोध उलट वाटेने नेतात. पक्षी मुळात आकाशाचाच होता. त्याला शोध लागतो तो आपण काय देऊन बसलो याचा. असा शोध ज्याला त्याला आपल्या देण्याघेण्याप्रमाणे बोचतो, म्हणूनच मते इतकी फाकली. आणि एक गोष्ट विशेष: कथा खोटी आहे, असे कोणीच म्हटले नाही. वाद झाला तो दोष कोणाचा आणि किंमत किती, एवढ्याचाच.

दफ्तरातील माणूस वाळवीला कागदांचा शत्रू म्हणून ओळखतो. मुक्तिबोधांनी ती वेगळ्या ठिकाणी दाखविली. परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आपल्यासारख्यांना तिची बोच अधिक, कारण येथे वडील आणि सोबती जवळ नसतात आणि 'हे देऊ नकोस' असे म्हणणारे कोणी नसते. सेवेत आलो तेव्हा मी समीक्षा लिहीत असे. नंतर बढती, बंगला, मुलांच्या शाळा अशी कारणे मिळत गेली आणि लिहिणे सुटत गेले. कोणी बळजबरी केली नाही. भाव मला ठाऊक होता.

म्हणून बाईंचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. ऐकणारी समोर असल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही. आमच्या बैठकीला त्या दिवशी श्यामलेचे काम थोडेसे करता आले असेल, तर एवढ्या मतभेदाचे सार्थक झाले. पुढील बैठकीस प्रत्येकाने संपूर्ण कथा मुळातून वाचून यावे, असे ठरले आहे. वरिष्ठ गृहस्थांनी पुस्तक सर्वांआधी मागून नेले.