किल्पेकचे दार

इंग्लंडातील खेड्याचे चित्र आपल्या मनात कादंबऱ्यांनी रंगवून ठेवले आहे. हिरवे कुरण, दगडी कुंपण, मागे निमुळत्या शिखराचे चर्च आणि त्याच्या आवारात शेवाळलेली थडगी. चर्च म्हणजे गंभीर, थोडी उदास वास्तू, ही समजूत त्या चित्रातूनच आलेली. ज्यांना ती मोडावीशी वाटत असेल त्यांनी हेरफर्डशर परगण्यातील किल्पेकचे चर्च पाहावे. मी विलायतेला गेलेलो नाही. शाळामास्तराच्या पगारात तो योग यायचाही नाही. परंतु या एका इमारतीची छायाचित्रे आणि जुनी रेखाटने जमवून मी ती वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवण्याजोगे तिच्यात पुष्कळ आहे.

हा मुलूख वेल्सच्या सरहद्दीजवळचा. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले तेव्हा किल्पेक हे गाव विल्यम फिट्झ नॉर्मन या सरदाराच्या वाट्याला आले. त्याचा मुलगा ह्यू याने ११३४ मध्ये इथले चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिले. आज दिसते ती इमारत ११४० च्या सुमाराची मानतात. सरदाराच्या गढीचा आता मातीचा उंचवटा आणि भिंतीचे एकदोन तुकडे तेवढे उरले आहेत. तिच्या शेजारचे देऊळ मात्र आठशे ऐंशी वर्षे पाऊस खात उभे आहे.

इमारत लहानच. लोकांनी बसायचे लांबट दालन, त्यापुढे धर्मगुरूंचा चौक आणि शेवटी अर्धगोल टोक, असे एकापुढे एक तीन खण. आपल्याकडचा कोणी हौशी लेखक लगेच सभामंडप, अंतराळ आणि गाभारा असे शब्द वापरून मोकळा होईल. ते मला पटत नाही. गाभारा हे देवाचे राहते घर. इथल्या टोकाला आहे तो विधीचा चौरंग. खणांची संख्या जुळली म्हणून अर्थ जुळत नाही.

खरी गंमत दक्षिणेच्या दारात आहे. दगड तांबडा, वाळूचा. पण असा चिवट की छिन्नीची धार अजून जाणवते. कमानीखालच्या अर्धचंद्राकृती शिळेवर एक वेल आहे, तिला जीवनवृक्ष म्हणतात. बाजूच्या खांबांवर सर्पांची वेटोळी. एका खांबाच्या माथ्यावर एक मुखवटा आहे आणि त्याच्या तोंडातून पाने फुटून बाहेर पडली आहेत. डाव्या खांबावर दोन शिपाईगडी वेलींच्या गुंत्यात अडकले आहेत. अंगात ढगळ तुमान, डोक्याला टोपी, आणि चेहऱ्यावर भय नाही की त्वेष नाही. आजूबाजूच्या गावांतही हाच हात दिसतो. अर्डिस्लीच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर असेच दोन वीर लढत आहेत. अभ्यासक या कारागिरांना ‘हेरफर्डशर संप्रदाय’ म्हणतात. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

छपराच्या वळचणीखाली टोड्यांची माळ आहे, सुमारे पंचाऐंशी. एकावर कुत्रा आणि ससा अगदी गळ्यात गळा घातल्यासारखे शेजारी बसले आहेत. दुसरीकडे डुक्कर, मेंढा, तंतुवाद्य वाजवणारा गवई. सातवीच्या वर्गात मी हे छायाचित्र नेले होते. कुत्रा-ससा पाहून वर्ग हसला, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे देवळावर चालतं?” हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांना पडलेला आहे, ते फक्त तो एवढ्या सरळ विचारत नाहीत.

कारण याच माळेत एक नग्न स्त्री आहे. मोठे डोके, किडकिडीत अंग, आणि दोन्ही हातांनी ती आपले स्त्रीत्व उघड करून दाखवते आहे. अशा आकृत्यांना तिकडे ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. त्या आयर्लंडात पुष्कळ आहेत, इंग्लंडातही आहेत. जॉर्ज रॉबर्ट लुइस या चित्रकाराने १८४२ मध्ये किल्पेकवर ग्रंथ छापला तेव्हा ही बाई बाईच राहिली नाही. हा एक मूर्ख असून त्याच्या छातीची चीर म्हणजे हृदयाचे उघडे दार, असा अर्थ त्याने लावला! पुढे कोणी तिला वासनेविरुद्धचा इशारा म्हटले, कोणी अनिष्ट टाळणारी राखणदारीण, कोणी सुफलतेची जुनी देवता. मला यांतले कोणतेच मत पूर्ण पटत नाही. इशारा म्हणावे तर कुत्रा-सशाचा इशारा कोणता? सबंध माळेला एकच उपदेश चिकटवू लागलो की पंचाऐंशींपैकी निम्मे टोडे हातातून निसटतात. कारागिराला जग जसे दिसले तसे त्याने ते वळचणीला मांडले आणि धर्मगुरूंनी ते चालवून घेतले, एवढेच दगडातून निश्चित वाचता येते. त्यांच्या चालवून घेण्याचे मला अधिक नवल वाटते.

आत शिरल्यावर मात्र हाच हात थोडा आखडतो. मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना संतांच्या तीन तीन आकृती एकावर एक उभ्या आहेत. त्या लांबट आहेत, रेखीव आहेत, पण बाहेरच्या कुत्र्याचा जीव त्यांच्यात नाही. स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेला या तीर्थाच्या दाराशी त्यांचे साम्य दाखवले जाते. ते संभवनीय आहे, कारण याच परगण्यातील शॉब्डनचे चर्च बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमंड त्या यात्रेला जाऊन आला होता.

त्या शॉब्डनची कथा ऐकण्यासारखी आहे. तेही याच कारागिरांचे काम. अठराव्या शतकाच्या मध्याला तिथल्या जमीनदार घराण्याला नव्या धर्तीचे, नाजूक नक्षीचे चर्च हवे झाले. जुने पाडले, पण कमानी फेकवेनात. म्हणून बागेपलीकडच्या टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या. डोक्यावर छप्पर नाही. अडीचशेहून अधिक हिवाळ्यांत तिथले वीर, वेली आणि पक्षी विरघळून नुसते फुगवटे राहिले. किल्पेकमध्ये १८४८ च्या सुमारास कॉटिंगहॅम या वास्तुकाराने डागडुजी केली. तिच्यावर कोणाचे काहीही आक्षेप असोत, देऊळ जागेवर राहिले आणि वळचण टोड्यांच्या डोक्यावर राहिली.

शॉब्डनच्या कमानींवर मुळात काय होते हे आज जाणून घ्यायचे असेल तर १८५२ मध्ये छापलेली रेखाटने उघडावी लागतात. ती काढणारा हाच लुइस, बाईचा मूर्ख करणारा. टेकडीवरच्या त्या दगडांशी ताडून पाहू लागले की त्याच्या कागदावर अजून वेलीची पाने मोजता येतात.