चिमणरावांचे घर आणि सुट्टीतील थट्टा

विनोदाचे आपल्याकडील विवेचन बहुधा कोटी, अतिशयोक्ती आणि विसंगती यांपाशी येऊन थांबते. घरगुती थट्टेचा विचार त्यात क्वचितच आढळतो. दिवाळीत किंवा मे महिन्यात चार भावंडे एकत्र जमली की तीच जुनी खोडी नव्याने काढली जाते. जिची काढायची ती व्यक्तीही ठरलेली असते. आणि शेवट ठाऊक असूनही सारे घर हसते. छापील विनोद दुसऱ्या वाचनात फिका पडतो, घरातील थट्टा मात्र लोणच्यासारखी मुरत जाते. असे का व्हावे, हे पाहू लागलो तेव्हा मला चिं. वि. जोशी यांच्याकडे वळावे लागले.

चिं. विं.च्या आधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदी लेखनाचा पाया घातला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी वाचकांच्या परिचयाची झाली खरी. परंतु कोल्हटकरांचे हसणे सुधारकाचे आहे. रूढी आणि भोळ्या समजुती यांवर प्रहार करणे हा त्याचा हेतू. चिं. विं.चा चिमणराव कोणालाही सुधारू पाहत नाही. तो पुण्यातील एक भित्रा, सरळमार्गी कारकून. पत्नी काऊ, मुलेबाळे आणि सोटा परजीत फिरणारा गुंड्याभाऊ एवढेच त्याचे विश्व. गुंड्याभाऊने एखादे कार्य अंगावर घेतले की त्याचा विचका होणार, हे वाचक आधीच जाणतो आणि त्या विचक्याची वाट पाहतो. येथे आनंद नावीन्याचा नसून ओळखीचा आहे. 1970 नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी उभी केली, तेव्हा ज्यांनी पुस्तक कधी उघडले नव्हते त्यांनाही ती घरचीच वाटली.

या विनोदाचे मर्म असे की, चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. थट्टेचा पहिला घाव तो स्वतःवर घेतो. म्हणून इतरांवर उडालेले शिंतोडे कोणाला बोचत नाहीत. मी स्वतः कारकून असल्यामुळे मला हे लवकर पटले असावे. भिलाईला नेमणूक झाल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी घरी गेलो आणि चकल्यांचा डबा पुढे येताच तोंडातून निघून गेले, “रहने दीजिए.” झाले! तेव्हापासून घरी मी ‘साहब’. दरवर्षी मला चकलीसाठी तीन प्रतींत अर्ज करावा लागतो. धाकटी पुतणी त्यावर जावक क्रमांक घालते आणि ‘त्रुटीसह परत’ असा शेरा मारते. दहा महिने परक्या भाषेत कचेरी सांभाळून आलेल्या माणसाला त्या शेऱ्यातून एक गोष्ट कळते : घरातील आपली जागा अजून रिकामीच ठेवली आहे.

परंतु थट्टा करण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा निराळेच घडले. माझा एक चुलतभाऊ स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत असे. त्याला ‘तहसीलदारसाहेब’ म्हणण्याची प्रथा मीच पाडली होती आणि तोही रुबाबात मान डोलावीत असे. गेल्या दिवाळीत पंगत बसली असता मी सवयीने म्हणालो, “तहसीलदारसाहेबांना आधी वाढा.” कोणी हसले नाही. तो भरल्या ताटावरून उठला. त्याची शेवटची संधी उन्हाळ्यातच हुकली होती. त्या घरात ते नाव चार महिने कोणी उच्चारले नव्हते. मला मात्र ते ठाऊक नव्हते. फोनवर असल्या गोष्टी कोण सांगतो?

तेव्हापासून चिं. विं.चे लेखन मी थोड्या वेगळ्या दृष्टीने वाचतो. चिमणरावांच्या घरात जिव्हारी कोणालाच लागत नाही. एका कथेत झालेली फजिती पुढील कथेच्या आरंभी धुतली गेलेली असते. माणसे जशीच्या तशी पुन्हा उभी राहतात. हा त्या लेखनाचा गोडवा आहे, आणि मर्यादाही. घर पुण्याचे असले तरी लेखक बडोद्याचा होता, हेही येथे ध्यानात घ्यावे. चिं. वि. (1892–1963) यांची नोकरीची वर्षे बडोद्यात, पालीच्या अध्यापनात आणि संस्थानच्या दप्तरखान्यात गेली. दुरून आठवलेले घर स्थिर दिसते. त्यातील माणसे म्हातारी होत नाहीत, नापास होत नाहीत, अबोला धरीत नाहीत. चिमणरावांच्या संसाराला लाभलेले ते चिरतारुण्य काही अंशी या अंतराचेच देणे असावे, असे मला वाटते. लेखकाला ते शोभते. सुट्टीपुरते घरी जाणाऱ्या आपणा नोकरदारांना ते परवडत नाही.

भिलाईचा कारखाना 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि 1959 मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून येथे सर्व प्रांतांची माणसे येऊन राहिली. दुर्गहून नागपूर गाडीने चार-पाच तासांचे. पण प्रत्येकजण आपले गाव ज्या दिवशी सोडले त्या दिवसाच्या रूपातच जवळ बाळगतो. थट्टेचे शब्द आपल्या स्मरणात जसेच्या तसे राहतात. ती ज्याच्यावर करावयाची तो माणूस मात्र तिकडे बदलत असतो. थट्टा हा सहवासाचा हक्क आहे. सहवास तुटला की तो हक्क आपोआप चालू राहत नाही. दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. तो कसा मिळवावा, हे चिमणरावाने दाखविले आहे : आरंभ स्वतःच्या फजितीपासून करावा.

यंदा मी चकलीचा अर्ज येथूनच तीन प्रतींत लिहून नेणार आहे, आणि त्यात मुद्दाम चुका ठेवणार आहे. चुलतभावाला काय म्हणावयाचे ते त्याच्याशेजारी चार दिवस बसल्यावर ठरवीन. तोपर्यंत त्याला त्याच्या नावानेच हाक मारणे बरे.